दोन नंबरची लिफ्ट

३ मार्च २०२५
पुण्यात नोकरीचा पहिला दिवस! जमिनीखालचं मेट्रो स्टेशन. माणसं एवढी, की सोलापुरात ती फक्त गड्ड्याच्या जत्रेत दिसावीत. मी मदत-कक्षात, काचेमागे. लिफ्टमध्ये कुणी लाल बटण दाबलं की माझा फोन वाजतो; विचारायचं, वहीत लिहायचं. अम्मीनं बांधून दिलेली कडक भाकरी झाडलोट करणाऱ्या अक्कम्मांबरोबर खाल्ली. त्या अक्कलकोटच्या. शेंगाचटणी बघून केवढ्या खूष झाल्या! सहा महिन्यांनी नोकरी पक्की.

७ मार्च
दोन नंबरच्या लिफ्टमधून आज तीनदा फोन. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ठीक आहे, चुकून दाबलं. आवाज मात्र तीन वेगळे. आणि कॅमेऱ्यात लिफ्ट रिकामी. दुरुस्तीवाला म्हणाला, वायरिंगचा घोळ असेल. अक्कम्मा म्हणाल्या, "ठीक हाय म्हन्लं की लिफ्टकडं पळत जावा, ताई. आमी तर बादली बी जिन्यानंच नेतो." मी हसले.

१२ मार्च
सकाळी साडेदहा, ऐन गर्दी. पुन्हा दोन नंबर. म्हाताऱ्या बाईचा आवाज: "ठीक हाय, पोरी. चुकून दाबलं." कॅमेऱ्यात कुणी नाही. वहीत लिहिलं, फोन ठेवला.
लिफ्ट मध्येच अडकलेली. वीस मिनिटांनी दुरुस्तीवाल्यानं दार उघडलं. आत एक बाई आडवी पडलेली. नखं रक्ताळलेली, दारावर ओरखडे. सोनाबाई नाव. माळशिरसहून लेकीकडे आल्या होत्या.

१३ मार्च
दवाखान्यात गेले. सोनाबाईंनी मला बघून तोंड फिरवलं. लेकीनं सांगितलं, आई वाचवा वाचवा ओरडत होती. शेजारून कुणीतरी तिच्याच आवाजात ठीक हाय म्हणत होतं. मी फोन ठेवला तेही तिनं ऐकलं.
जेवण गेलं नाही.

१४ मार्च
लिफ्टवर 'बंद'चा बोर्ड लावला. स्टेशनच्या साहेबांनी काढून फेकला. अफवा पसरवतेस म्हणाले. उद्या तूच आत बस, बटण दाबून सगळं ठीक आहे असं मला सांग. नाहीतर सोलापूरची गाडी धर. अक्कम्मांनी माझा हात घट्ट धरला: "नगं, ताई." अम्मीला फोन लावला. सगळं ठीक आहे, एवढंच सांगितलं.

१५ मार्च
लिफ्टमध्ये आहे. मध्येच थांबलीय. मोबाइलला रेंज नाही. बाहेर लोकांचे पाय वाजतायत, गाडीची घोषणा चाललीय, आणि इथे—
बटण दाबलं. साहेबांनीच उचललं. मी ओरडले. घसा फुटेपर्यंत—
माझ्या कानाशी कुणीतरी, अगदी माझ्याच आवाजात, "ठीक आहे, साहेब—"
साहेब हसले. म्हणाले, बघ, सांगत होतो ना. फोन ठेवला.
परत दाबते. बटणावर माझं बोट, आणि त्यावर आणखी एक—