चिमणीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलंय

ताई,

तू बाजारातून येशील तेव्हा मी घरात नसेन. चिमणीला आणि तिच्या आईला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलेय. पाळणाघरातल्या बाकीच्या पोरांजवळ आपली आई बसलीय. तिचे गुडघे दुखतायत, आल्या आल्या तिला मोकळं कर.

"काही मुलं उशिरा बोलतात, उगाच पालकांचे कान भरू नकोस. चार घरांत बोभाटा झाला तर सगळे आपापली पोरं काढून नेतील," असं तू बजावलं होतंस, आणि मी गप्पच बसणार होते. पण काल स्वयंपाकघरात पातेलं पडलं, तेव्हा सगळी पोरं दचकून रडायला लागली आणि चिमणी पाठमोरी बसून ठोकळे रचत राहिली. मान म्हणून वळवली नाही तिने. तिची आई न्यायला आली तेव्हा मला राहवलं नाही.

"माझ्या पोरीत खोट काढता?" म्हणून ती तणतणत निघून गेली. आज सकाळी तिचाच फोन आला. घरी जाऊन तिने चिमणीच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवून पाहिल्या होत्या. एकटीने जायचा धीर होत नाही म्हणाली.

तान्ह्याला खांद्यावरच झोप लागते, लगेच पाळण्यात टाकू नकोस.

मला काय बोलायचं ते बोल, पण पोरं घरी गेल्यावर. आणि आम्ही परत आलो की चिमणीला मागून हाक मारू नकोस. समोर बस, तिला तुझं तोंड दिसू दे, मग बोल.

छोटी