वस्तीवरची बालवाडी, आठ तास

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी आता नगरला एका संस्थेत काम करते, आणि ते काम काय आहे हे ऐकलंत तर तुम्ही हसाल. परदेशातल्या विद्यापीठांची पोरं-पोरी दर वर्षी जून-जुलैत आपल्याकडे येतात, सहा आठवडे खेड्यात राहून बिनपगारी काम करतात, आणि त्या कामाचे त्यांना तिकडे परीक्षेत गुण मिळतात. आपण शाळेसमोरचे दगड वेचायचो तेव्हा तुम्ही गूळ-शेंगदाणे द्यायचात, तसंच समजा, फक्त हे दगड वेचायला विमानाने येतात. त्यांना पाथर्डीकडच्या शाळांवर पाठवायचं, राहण्याजेवणाची सोय लावायची आणि कोणी किती तास काम केलं त्या कागदावर सही करायची, एवढं माझ्याकडे. बारा वर्षं हेच करतेय. थकलेय. यंदा जे झालं त्याला कारण म्हणून मी सगळ्यांना हेच सांगितलं, की मी थकलेय. तुम्हाला मात्र खरं सांगायला बसलेय.

पोरं वाईट नसतात. भाकरी थापायला शिकतात, चटके बसले की हसतात, जाताना रडतात. शाळेच्या स्वच्छतागृहाची भिंत आदल्या वर्षीच्यांनी रंगवलेली असते, तरी हे पुन्हा रंगवतात, कारण तास भरायचे असतात. शेवटी माझ्यापुढे एक छापील कागद येतो: विद्यार्थ्यामुळे गावात काय बदल झाला, पाचपैकी गुण द्या. मी सगळ्यांना चार देते. पाच दिले तर संशय येतो, तीन दिले तर ईमेल येतो. सुरुवातीला मी दर दोन दिवसांनी गावात जायचे. मग आठवड्याने जाऊ लागले. आता गेली काही वर्षं सोमवारी जाते आणि अख्ख्या आठवड्याचे तास सोमवारीच लिहून, सही करून, शाळेच्या कचेरीत टांगून येते. जीपमध्ये दाटीवाटीने बसून कंबर मोडते, गुरुजी, पन्नाशी जवळ आली.

यंदा तुमच्याच शाळेवर कॅनडातली एक मुलगी होती. वीस वर्षांची, हडकुळी, कमी बोलणारी. बुधवार ते शुक्रवार या तीन दिवसांपुढे मी लिहून ठेवलं होतं, ‘वस्तीवरची बालवाडी, आठ तास’. मंगळवारी संध्याकाळी तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि ताप चढला. ती राहायची तिथली घरमालकीण लेकीच्या बाळंतपणाला शेवगावला गेलेली. शाळेत सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, ती वस्तीवर असेल. वस्तीवरच्या बालवाडीच्या ताईंना वाटलं, शाळेतच ठेवून घेतली असेल. मुलगी बंद खोलीत पडून. बुधवारी तिच्या प्राध्यापकांचा नेहमीचा ईमेल आला, सगळं ठीक ना? आणि मी काय केलं सांगू? माझ्याच हाताने लिहिलेल्या कागदाची प्रत काढली, बघितली, आणि उत्तर दिलं की ती बालवाडीत काम करतेय, आनंदात आहे.

शुक्रवारी दुपारी तिला शोधलं ते शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईने. ती बाई कोण, ते तुम्हाला माहीत आहे. चौथीत माझ्या शेजारी बसायची ती. तिचं डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अजून वाकडंच आहे. त्या मुलीचं जेवण तिच्याकडे होतं. मी नगरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ही तिच्या उशाशी बसलेली, मुलीला सलाईन लावलेलं, ओठ पांढरे पडलेले.

“तीन दिस भाकरी न्याया आली न्हाई, म्हून गेले बघाया,” ती म्हणाली. “दार लावलेलं. हाक मारली तर नुस्तं कन्हनं.”

“कागदावर वस्तीवर असल्याचं होतं गं,” मी म्हटलं.

“कागदावर आसंल. पर वस्तीवर तिला जेवाया कोन घालतंय? भाकरी तर माझ्यात हुती.” माझ्याकडे न बघताच ती बोलत होती. “पयल्या दिशीच जायाला पायजे हुतं. माझंबी चुकलं.”

तिचं काय चुकलं? पण मला त्या वेळी तुमचा आवाज ऐकू आला. चौथीचं ते वर्ष. मी वर्गप्रमुख. कच्च्या वहीत हजेरी मी मांडायची, तुम्ही संध्याकाळी ती पक्क्या रजिस्टरात उतरवून घ्यायचात. तुमच्याकडे दोन वर्ग, तुमचा अर्धा दिवस पलीकडच्या खोलीत जायचा. दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला गेले ती पोरं गेली, त्यांची नावं तुम्ही वेगळी काढलीत. माझ्या शेजारची ही मात्र आजीजवळ राहणार होती. आयत्या वेळी धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तिलाही गाडीत घातली. मला ठाऊक होतं. मी आठ दिवस तिच्या नावापुढे हजर लिहिलं.

तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही मारलं नाहीत. मला वाटलं होतं माराल. कचेरीच्या पायरीवर बसवलंत आणि म्हणालात, “हजेरी म्हंजे शाबासकी न्हाई, पोरी. कोन न्हाई ते कळावं म्हनून आसती ती. तू हजर लिवलंस, म्हनून मी आठ दिस गप बसलो.” लगेच एसटीने कारखान्यावर निघालात. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन आलात तेव्हा तिच्या बोटाला चिंधी होती, आत सगळं पिकलेलं. कोयता लागून सहा दिवस झाले होते. तुमच्या घरीच ठेवलंत तिला, काकूंनी हळद भरून बांधलं, पण बोट सरळ झालं नाही. मग तुम्ही मला एक पेन्सिल दिलीत, एका टोकाला निळी, दुसऱ्याला लाल. “मैत्रिणीवर जीव हाय तुझा, त्यापायी लिवलंस, कळतंय मला. पर जीव आसला तर खोटं लिवू न्हाई, सांगाया यावं. हजर त्याला निळी, न्हाई त्याला लाल.”

दवाखान्यातून सुटल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “ताई, तास राहू द्या.” ते चोवीस तास कमी पडले तर तिचं सत्र वाया जाणार होतं. संस्थेतले साहेबही म्हणाले, पोरगी बरी झाली ना, मग कशाला उकरून काढता. दोघांचंही मला पटत होतं. चार दिवस पटतच होतं. पाचव्या दिवशी मी लाल पेन घेतलं, तिन्ही ओळी खोडल्या, आणि प्राध्यापकांना लिहिलं की ती आजारी होती, एकटी होती, मी तिला बघितलंच नव्हतं आणि माझा ईमेल खोटा होता. तिला शिक्षा करू नका, चूक माझी आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या वर्षी पोरं येतील का, मी इथे असेन का, माहीत नाही. शनिवारी निघताना मुलीने खिचडीवाल्या बाईला मिठी मारली. मला लांबूनच हात जोडले.

साहेब म्हणतात, मी फार प्रामाणिकपणा केला. शाळेतले सर म्हणतात, मुलीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच ताईंनी आधी तास ठेवले असतील, ताई मायाळू आहेत. तुम्हीही हेच म्हणाला होतात. म्हणून हे लिहितेय, आणि लिहून झालं की त्या मुलीच्या फायलीत घालून ठेवणार आहे, कारण दुसरं कुठे ठेवू?

गुरुजी, तेव्हा मी मैत्रिणीसाठी नव्हतं लिहिलं. ज्या वर्गाची दिवाळीनंतर महिनाभर हजेरी पूर्ण भरेल, त्या वर्गाच्या प्रमुखाने सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी धरायची, असं तुम्ही सांगितलं होतंत. मला दोरी धरायची होती. एवढंच होतं. आणि तुम्ही, माझा तिच्यावर जीव आहे असं समजून, हजेरी पूर्ण नसतानाही दोरी माझ्याच हातात दिलीत. ती रांगेत पुढेच उभी होती, बोटाला अजून पट्टी बांधून. मी दोरी धरली.