कडक जेल लावणार नाही

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

डोकं अजून तापलेलंच आहे. आज मुरुडहून एक नवरी मुलगी मावशीसोबत दवाखान्यात आली होती. बोअरच्या पाण्याने दातांवर तपकिरी डाग पडलेले, आणि लग्न रविवारी. मावशी म्हणाली, "डॉक्टरीणबाई, एकाच बैठकीत पांढरेशुभ्र करा." मी गार पाण्याने चूळ भरायला लावली, तर पोरीने गाल गच्च धरला. आत्ताच एवढं झोंबतंय, मग दात पांढरे करायच्या कडक जेलने दाताच्या आतल्या जिवंत गराचं काय होईल? दवाखाना सरांचा, मी त्यांच्या हाताखाली. त्यांना तेच सांगितलं. ते तिच्यासमोरच ओरडले, "आलेलं गिऱ्हाईक घालवतेस? कडकच लाव!"

मला तो गाल धरलेला हात दिसत होता. म्हटलं, "नाही लावणार, सर."

चुकलं का माझं? छे!

पोरीला समजावलं, आधी ठणका थांबवायचं औषध, मग सौम्य जेल, थोडा थोडा वेळ. लग्नापर्यंत डाग जाणार नाहीत. मावशी भडकली, "लोकं हसतील की!"

तेव्हा पोरगी पहिल्यांदा बोलली, "हसू दे मावशी. दात माझे हायेत."

ती गेल्यावर सर म्हणाले, "असंच वागायचं असेल तर उद्यापासून येऊ नको."

उद्या नेहमीच्या वेळेला जाणार आहे. कामावरून काढायचं तर सरळ काढा म्हणावं, वागणार मी अशीच.