चार नंबरचा टेस्टर

सोमवार, १४ ऑक्टोबर

रेमुससाहेब मूर्ख आहेत! इथे तरी लिहिते.

गाडीच्या ब्रेकचे सर्किट बोर्ड तपासणारे आमचे चार टेस्टर. निकाल हॉलमधल्या नव्या पडद्यावर. 'अख्ख्या तिमिशोआरा शहरात असा पडदा दुसरा नाही!' इति साहेब. एक, दोन, तीन हिरवे. चार लाल. म्हणून चारवर काम करणाऱ्या व्हेटुरियामावशींना शुक्रवारपर्यंत मुदत, नाहीतर नोकरी गेली.

साहेब म्हणाले, "बाईला बोर्ड नीट बसवता येत नाहीत. आकडे खोटं बोलत नाहीत, पोरी."

पोरी! हे टेस्टर मी बांधलेत.

मंगळवार, १५

मावशींच्या मागे उभी राहिले. हात अचूक.

"पडद्याच्या उद्घाटनाला त्या तीन यंत्रांवर पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं. मी पडले कोपऱ्यात. माझं यंत्र पापी राहिलं बघ!"

हसल्या. डोळे सुजलेले होते.

बुधवार, १६

मावशींच्या चारवर नापास झालेला बोर्ड दोन नंबरवर लावला. पास.

साहेब खूश — "बघ! दोष बाईचाच."

ते गेल्यावर बोर्ड काढला. रिकामाच टेस्टर चालवला.

पास!!

टेस्टरच्या नोंदी चाळल्या, मावशींना विचारलं, मग उलगडा झाला. उद्घाटनाला पवित्र पाणी उडणार म्हणून साहेबांनी तिन्ही टेस्टरमधली मोजणारी मॉड्यूल काढायला लावली. माझ्याच रचनेची सोय — खणातून ओढा, पुन्हा ढकला. पाहुण्यांना हिरवं दिसावं म्हणून सॉफ्टवेअर सरावावर ठेवलं: मोजायचं नाही, ठरलेले चांगले आकडे दाखवायचे. मी रजेवर होते. मॉड्यूल परत बसली. सराव तसाच!

तेव्हापासून तीन टेस्टर काहीही तपासत नाहीत. खरं मोजतो तो फक्त चार, म्हणून लाल. बोर्ड गाड्यांत बसलेत. ब्रेकचे!

गुरुवार, १७

साहेबांना सगळं दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"आधी आवाज खाली. माल परत मागवला तर कारखाना बुडेल. मावशींची नोकरी जाणार नाही, हा माझा शब्द. झालं समाधान?"

नाही झालं. गाड्यांचं काय, हे तीनदा विचारलं. तीनदा खिडकीबाहेर बघितलं त्यांनी.

शुक्रवार, १८

चार नंबरही हिरवा. साहेबांनी तोही सरावावर टाकलाय.

मावशींनी अक्रोडाचा कोझोनाक केक आणला, घरी भाजलेला, अजून कोमट. माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "तू वाचवलंस गं मला!"

केक टेबलावर ठेवला आणि अख्खी लाइन बंद करणारं लाल बटण दाबलं.