बिस्किट, मस्का आणि बिनमिठाचं थालीपीठ

ती. भागवतमामांना सोनईहून सहादेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मामा, संगमनेरच्या स्टँडवर पंकजानं माझ्या हातात पिंजरा दिला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. पण आधी तुमचा गुडघा कसा आहे? मामींची म्हैस विणार होती, तिचं काय झालं? (म्हशीची चौकशी आईची, गुडघ्याची माझी.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर कागद पाठवतो आहे.

तर पिंजरा. पंकजा म्हणजे कॉलेजात माझ्याबरोबर होती ती, नेवाशाची. (प्रॅक्टिकलच्या सरांशी माझं वाजलं आणि मी एप्रन टेबलावर टाकून कायमचा घरी आलो, तेव्हा मागून हाक मारणारी ती एकटीच. मी वळलो नाही. मूर्ख!) तिनं होस्टेलात लपवून दोन पांढरे उंदीर पाळलेत, बिस्किट आणि मस्का. तिला महिनाभर पुण्याला ट्रेनिंग, आणि घरी नेले तर तिची आई केरसुणीनं त्यांचा निकाल लावणार. म्हणून ते आले माझ्याकडे. "हे दोघं निवडून खातात. नीट सांभाळलेस तर समजेन, की तू एखादं काम शेवटपर्यंत नेतोस," एवढंच ती बोलली. मामा, माणसानं याहून जास्त काय ऐकायचं असतं?

आता ज्या घरात धान्य आलं की आबा आधी उंदरांना औषध घालतात, त्या घरात मी उंदरांसाठी सफरचंद घेऊन शिरलो. आबा ओसरीवरून आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "लोकाची पोरं उंदराला औषिध आनत्यात, आमचं फळफळावळ आनतंय!"

पंकजाचा हुकूम असा, की धान्य, डाळ, पालेभाजी, अधूनमधून उकडलेलं अंडं, आणि गोड बंद. मी बाजरी, मूग, मेथी, थोडे शेंगदाणे सगळं कालवून वाटीत ठेवलं. लग्नाच्या पंगतीत एखादा पाहुणा मसालेभातातले काजू वेचतो, तसे बिस्किटनं पुढच्या दोन पायांनी शेंगदाणे तेवढे वेचले. मस्कानं मेथीचं पान उचललं, हुंगलं आणि पिंजऱ्याबाहेर टाकून दिलं, ते माझ्या मांडीवर. मी भडकलो. मेथी खाल्ल्याशिवाय तुम्हालाही दुसरं काही नाही आणि मलाही नाही, असं बजावून पिंजऱ्यासमोर उपोषणाला बसलो. ते झोपले. संध्याकाळी आईनं पिठलं-भाकरी वाढली, ती मी मुकाट्यानं खाल्ली.

त्यात आली संकष्टी. शेजारच्या दगडाबाई काकूनं पांढरे उंदीर पाहिले आणि हातच जोडले. देवळात बायका गणपतीच्या उंदराच्या कानात नवस सांगतात, पण तो बिचारा दगडाचा; इथं कान हलवून ऐकणारा मिळाला! आळी लोटली. एकीला नातू हवा, दुसरीच्या बोअरला पाणी हवं, आणि प्रत्येक नवसामागं एक मोदक. त्या दिवसापासून हे रोजचंच. मी ओरडलो, "काकू, गोड बंद हाय त्यांना!" तर म्हणते, "मेल्या, देवाच्या वाहनाला शुगर झालीय व्हय?" बिस्किट इतका सुटला, की पंकजानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हा उंदीर आहे की घूस?" आणि वर थंडपणे, "जमत नसेल तर सांग, हनुमंत न्यायला तयार आहे." हनुमंत! कॉलेज सोडलं नाही, याशिवाय त्या माणसानं आयुष्यात केलंय काय?

मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेलो. आई शांतपणे म्हणाली, "तू ल्हान हुतास तवा मेथी काढून टाकायचास. म्या काय उपोशन केलं? थालपीठ थापलं." मामा, थालीपिठातून कोण काय वेचणार? मी स्वतः भाजणी भाजली, दळून आणली, मेथी बारीक चिरली, अंडं कुस्करलं आणि बिनतेला-मिठाचं थापलं. पहिलं तव्याला चिकटलं. दुसरं आबांनी खाल्लं आणि मीठ नाही म्हणून आईला बोलले. (कुणाचं होतं ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.) तिसरं दोघांनी फस्त केलं, मेथीसकट! मोदकांचाही बंदोबस्त केलाय: नवस उंदरांच्या कानात, मोदक माझ्या तोंडात. बिस्किट उतरतोय, मी सुटतोय.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
सहादेव

ता. क. म्हशीचं नक्की कळवा, नाहीतर आई मला विचारत राहील.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. नवसाची कीर्ती नेवाशाला पोचली आणि आत्ता, मी पाकीट शोधत असताना, पंकजाच्या आईच दारात हजर. उंदीर कुणाचे, हे त्यांना ठाऊक नाही. पंकजाला फोन लावला तर तिला हसून हसून उचकी लागली. म्हणाली, "आई कुठल्याही देवाला एकच मागते, शिकलेला जावई." मग हसू थांबवून म्हणाली, "तुझं काय ते तू बघ." मामा, कॉलेजात चला माझ्याबरोबर. सरांची माफी मी मागेन. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा, आणि माझा आवाज चढला की पायावर पाय द्या. (बऱ्या गुडघ्याचा.)

शेवटचं. पंकजाच्या आई पदर सावरून पिंजऱ्यापाशी बसल्यात आणि कोपऱ्यात मला लिहिताना बघून अडल्यात. काकू खिडकीतून डोळे वटारते आहे, की नवस तिसऱ्यानं ऐकला तर फळत नाही. मामा, हा फळायलाच हवा. कागदाची घडी करतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.