दुसऱ्याचा पत्ता

८ जानेवारी २०२३, रविवार

काढला. व्हिडिओ काढला!

आज सोमाजीकाकांना जातीबाहेर केलं. समाजाची बैठक लिंबाखाली असते — पंच खाटेवर, बाकी गडीमाणसं खाली. बायांनी तिथं बसायचं नाही. म्हणून आम्ही साऱ्याजणी समोरच्या इतवारी मावशीच्या छपरीत, बांबूच्या ताटीमागून ऐकतो. आज्यांपासूनची रीत. काकांचा गुन्हा काय? त्यांच्या चंदननं तुमसरला रीनासोबत नोंदणी लग्न केलं, आणि रीना आपल्या जातीची नाही.

"पोराले तोड, नाही तं आमी तुले तोडलं समज," परसराम पंच म्हणाला.

काका म्हणाले, "पोरगा हाय जी माया."

झालं! आजपासून त्या घराशी कोणी बोलायचं नाही, दुकानातून मीठ नाही, तलावात जाळं ओढलं की मासोळीचा वाटा नाही. कोणी मेलं तर खांदा नाही. आणि माझे बाबा — पुढच्याच रांगेत — मान डोलावून राहिले होते.

मागं बसून फोन ताटीच्या फटीकडे धरला होता. मध्येच मावशी येऊन माझ्यापुढं बसली. "सरक ना वो मावशी," म्हटलं. ढिम्म. अस्सा राग आला तिचा!

१० जानेवारी

काकांची बायको, रंभाकाकू, दुकानातून रिकाम्या पिशवीनं परत आली. माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. मीही बोलले नाही. आग लागो माझ्या बी.एस्सी.ला.

११ जानेवारी

साकोलीला गेले, तिथून अनुपला फोन केला. कॉलेजात सोबत होता, आता नागपूरला नेटवर्कचं काम करतो. विचारलं — टॉर ब्राउझर आहे माझ्याकडे, त्यात आपण कुठून आलो ते लपतं, हे माहीत आहे. वरून व्हीपीएनही लावू का? डबल कुलूप?

हसला मेला. म्हणे, कुलूप नाही ते. व्हीपीएन म्हणजे तुझ्या जागी दुसऱ्याचा पत्ता दिसतो, एवढंच. सिमवाल्या कंपनीला कळणार नाही की तू टॉर वापरते. पण ते व्हीपीएनवाल्याला कळेल. "भरोसा काही कमी नाही होत, एकावरून दुसऱ्यावर सरकते. अन् फुकटचा असंल तं तो काहून फुकट देऊन रायला, हेबी पाय." आता तर गिऱ्हाइकांची नावं जपून ठेवायचा नियमही आलाय म्हणे.

मग म्हणाला, "तुले लपायचं कोनापासून हाय?"

"गावापासून."

"मंग गाव काय पाहते ते पाय ना! गावाले आयपी पत्ता थोडीच समजते."

मला हो की नाही एवढंच हवं होतं, प्रवचन नाही. दोन्ही लावले.

१२ जानेवारी

पाठवला. नवा ईमेल, खोटं नाव. एक पोलिसांना, एक बहिष्काराविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेला. फाईलमधून जागा, वेळ, फोनचं नाव, सगळं पुसलं. मूळ व्हिडिओ फोनमधून कायमचा उडवला. कोपऱ्यात मावशीचं डोकं येत होतं, अंबाड्यासकट. उगाच तिला त्रास नको म्हणून तेवढी कड कापून टाकली. किती विचार करते बाई मी सगळ्यांचा!

आणि एवढं सारं लपवून इथं शाईनं लिहून ठेवते — शहाणीच आहे मी.

१६ जानेवारी

संघटनेनं व्हिडिओ नेटवर टाकला. दुपारपर्यंत गावातल्या फोनाफोनांत. आईच मला दाखवायला आली — "पाय वो नीतू, तुये बाबा कसे दिसून रायले!"

बाबा जेवले नाहीत. कोणी काढला असेल, असं एकदाही विचारलं नाही. मला तेच टोचतंय.

१७ जानेवारी

ठाण्यातून उत्तर आलं. सभ्य भाषेत. ताटीमागून आवाज अर्धवट आलाय. पंच म्हणतात, बैठक देवळाच्या वर्गणीची होती. सोमाजीकाका भिऊन तोंड उघडत नाहीत. प्रत्यक्ष ऐकणाऱ्या कोणीतरी नावानिशी जबाब दिला तरच प्रकरण उभं राहील. "आपण कोण आहात?"

कोण! अरे, तेच तर झाकायला इतका आटापिटा केला. उत्तर दिलं नाही. व्हीपीएन बदलला. दुसरं काय येतं मला?

१९ जानेवारी

सापडलं त्यांना. माझं काहीच नाही सापडलं — परसराम पंचानं व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. कडेला बांबूच्या कामट्या. "हे तं इतवारीची ताटी हाय!" रविवारी मावशीला बैठकीत बोलावलंय.

त्या दिवशी छपरीत इतक्याजणी होतो, पण घर तिचं म्हणून दोषही तिचा. एकटी बाई, ना नवरा ना पोर, कोण भांडणार?

आणि ते डोकं! व्हिडिओत जी दिसते, तिनं तो काढलेला नाही — शेंबडं पोरगंही सांगेल. एवढा एक पुरावा होता तिचा. मीच कापला. मूळ व्हिडिओही मीच उडवला.

२१ जानेवारी

उद्या बोलते. बायांनी जायचं नसलं तरी लिंबाखाली जाते आणि सरळ सांगते, मी काढला. घराचं काय होईल? बाबांना जाळ्याला हात लावू देणार नाहीत. धाकटीला मागणी आलीय, ती मोडेल. मोडू दे. आई म्हणाली, "काहून जेवून नाही रायली वो?" मला रडूच आलं. पण उद्या बोलते.

२२ जानेवारी, रविवार

नाही बोलले. गेलेच नाही. पोट दुखतं म्हणून पडून राहिले. आई बैठकीचं काहीतरी सांगायला आली, तर कानावर पांघरूण घेतलं.

२४ जानेवारी

आज मोठं जाळं ओढलं. तलावाच्या पारीवर घरटी वाटे घातले. सोमाजीकाकांचा नव्हता. इतवारी मावशीचाही नव्हता. आमचा होता — चांगला रोहू आला वाट्यात.

घरी येता येता आईनं सांगितलंच. रविवारी मावशी म्हणे पंचांना स्वतःच म्हणाली, "म्याच काढला. म्याच पाठवला. काय करता?" आणि काल पहिल्या बसनं ठाण्यात जाऊन बहिष्काराचा सारा जबाब दिला, व्हिडिओ आपणच काढला हेही त्यात सांगितलं. स्वतःच्या नावानं, अंगठा उठवून. प्रकरण उभं राहिलं.

तिच्याकडे बटणांचा फोन आहे. त्यात कॅमेराच नाही. इतके पंच, पण एकानंही विचारलं नाही.

२५ जानेवारी

मागच्या दारानं मावशीकडे गेले. "त्या दिवशी माझ्यापुढं काहून बसली होती?"

"तुया फोन चमकून रायला होता बाई. पंचाईले दिसला असता."

म्हटलं, मी ठाण्यात जाते, खरं सांगते. तिनं माझं मनगट धरलं. "आता खरं सांगशीन तं माया जबाब खोटा पडन. मंग सोमाजीचं काय? तू गप राय. मायासंग बोलूबी नको."

घरी आले. आईनं रोहू रांधला होता. मी खाल्ला.