दुसरं अक्षर

३ जून
पोचले एकदाची. खोली वाटली होती त्याच्या दुप्पट मोठी, खिडकी अंगणावर उघडणारी, टेबल भक्कम, आणि उशाशी कुणाची औषधं नाहीत. चार वर्षं आईचं आजारपण काढलं, ती गेली, आणि आज पहिल्यांदाच मी अशा घरात झोपणार आहे जिथे कुणासाठी उठायचं नाही. काम तीन महिन्यांचं. लेखक वारले, त्यांच्या शेवटच्या कादंबरीचे कागद सात खोक्यांत पडलेत. ते लावायचे, स्वच्छ प्रत काढायची. वीस वर्षं प्रुफं तपासल्यावर ही सुट्टीच म्हणायची. लेखकांची पत्नी, मी त्यांना बाईच म्हणते, मोजकं बोलतात. ते बरंच आहे. चिमणीला, माझ्या लेकीला, फोन केला. परीक्षा होईपर्यंत ती माझ्या ताईकडे राहील. म्हणाली, आई, आता तरी जरा झोप.

७ जून
कादंबरीतला माणूस कचेरीतून घरी येतो, तर तो स्वतःच आधी येऊन जेवायला बसलेला असतो. पुढे सगळं पुस्तक या दोघांचंच. एकाच वाक्यात ‘मी’चा ‘तो’ होतो. असे प्रयोग लेखक करतातच, त्याचं नवल नाही. नवल वाटलं ते अक्षराचं. दुसऱ्या खोक्यापासून गोल, दमलेल्या अक्षराशेजारी एक उजवीकडे कललेलं, टवटवीत अक्षर येतं. वाक्य एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं. सातव्या खोक्यात गोल अक्षर नाहीच. लेखनिक ठेवला होता का, असं बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या.

१२ जून
झोपते, पण झोपल्यासारखं वाटत नाही. आज चाळीस पानं उतरवायची होती. नवव्या पानावर डोळे मिटले. जाग आली तेव्हा चाळीसच्या चाळीस झालेली, एकही चूक नाही. घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

१६ जून
चिमणीचा फोन. काल किती छान बोललीस, म्हणाली. तासभर. आजी आजारी पडायच्या आधी हसायचीस तशी हसत होतीस.
काल मी फोन केला नव्हता. सांगणारच होते. पण तिचा आवाज इतका खूश होता की गप्प बसले.

१९ जून
बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या सदऱ्याला बटण लावत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, “हे दमले होते हो. मग दुसऱ्यानं सगळं हातात घेतलं. लिहिणं, माणसं, मलासुद्धा.”
आणि ते स्वतः कुठे गेले, मी विचारलं.
“वरच असायचे. तुमच्या खोलीत. हळूहळू कमी दिसायला लागले.” दोरा तोडून म्हणाल्या, “मी काही बोलले नाही. दुसरा स्वभावानं बरा होता.”

२० जून
दुपारी बॅग भरली. पाच मिनिटं टेकले. उठले तर कपडे परत कपाटात. घडी माझीच.
ताईला फोन केला, मला घेऊन जा म्हटलं. ती वैतागली. आत्ता तर म्हणालीस, मजेत आहे.

२१ जून
मस्त झोप लागली. पाचवं खोकं हातावेगळं केलं. चिमणीला रविवारी इकडे बोलावलंय. दोघी मिळूनच घरी जाऊ.

२२ जून
वरचं मी लिहिलेलं नाही. अक्षर कललेलं आहे.
चिमणीला फोन लावला. येऊ नकोस म्हणणार होते. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी बोलत होते — तिला ऐकू —

२४ जून, रविवार, सकाळी
चिमणी आली. खिडकीतून दिसतेय. बारीक झालीय. अंगणात तिला घ्यायला — माझी राखाडी साडी, माझेच केस. पाठ मात्र ताठ. चिमणीनं मिठी मारली.
हाक मारली. दोनदा.
अंगणातल्या बाईंनी तेवढं वर पाहिलं. मला पाहिलं. मान खाली घातली.
दोघी फाटकाकडे निघाल्या. बॅग चिमणीच्या हातात. उतरायलाच हवं. सांगायला हवं, ती नाही, मी — पण चिमणी हसतेय. किती वर्षांनी अशी —
उठते. आता उठतेच. आधी जरा डोळे